कारंज्याच्या वेशींतून पायी फिरताना या चुका टाळा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला येणारे बहुतेक जण गुरुमंदिरात दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि गाडी परत फिरवतात. दत्तावतारी नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावी येऊन गाव पाहायचं मात्र राहून जातं. जुनं कारंजा वेशींच्या, म्हणजे गावाच्या जुन्या दरवाजांच्या, आत आहे. ते गावातल्या माहितगाराला सोबत घेऊन पायीच पाहावं.

वेशीसमोर फोटो काढून लगेच पुढे पळू नका. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस ही नावं लक्षात ठेवा. वाट कुठली, ते वेशीच्या नावातच आहे. हे गाव व्यापाराचं होतं. 1670 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंजा लुटलं ते इथल्या पेठेच्या श्रीमंतीमुळेच.

उन्हाळ्यात अकराला निघालात तर अर्ध्या वाटेतच जीव कासावीस होतो. साडेसहालाच निघा, डोक्याला दुपट्टा बांधा. उशीर झालाच तर आधी मंदिरं करा, वेशी संध्याकाळवर ठेवा. जैन मंदिरात जायचं तर चामड्याचा पट्टा आणि पाकीट गाडीतच काढून ठेवा, नाहीतर दारात खोळंबा होतो. काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरेच्या मंदिरातलं लाकडावरचं कोरीवकाम घाईत पाहण्यासारखं नाहीच.

कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट ऐकाल: एका सावकारानं म्हणे चुन्यात कस्तुरी कालवून हवेली बांधली. ऐकायला फार गोड, पण ती दंतकथा आहे. माहितगाराला "हे कशावरून?" असं आदरानं जरूर विचारा, फक्त त्याचं बोलणं मध्येच तोडू नका.

सगळ्यात मोठी चूक माझ्या डोळ्यांदेखत झाली. एक आजी ओसरीवर सुपात तूर पाखडत होती. आमच्यातल्या चौघांनी न विचारता मोबाइल रोखले. तिनं पदर ओढला, सूप उचललं. "इचारून त घ्या लागत होतं, बाप्पा," एवढंच म्हणाली अन् दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. बोळ आपल्यासाठी वारसा असला तरी तिचं ते अंगण आहे. म्हणून दहाच्या वर माणसं एकदम नेऊ नका, आवाज खाली ठेवा.

पुढच्या खेपेला मी एकटाच गेलो. "आजी, वाडा पाहू का जी?" म्हटलं. तिनं आतून कडी काढली, खांबावरच्या कोरलेल्या कमळावर तळहात ठेवला अन् म्हणाली, "सागाचा हाय. हात लावून पाह्य."