चिनी शुभचिन्हांचं टेबलक्लॉथ घेताना

लाल कापडावरचं प्रत्येक चिनी अक्षर चिनी नववर्षाचं नसतं. जुळ्या अक्षरांचं 'शुआंगशी', म्हणजे दुहेरी आनंद, लग्नघरासाठी; 'शौ', म्हणजे दीर्घायुष्य, ज्येष्ठांच्या वाढदिवसाला. नववर्षाला हवं 'फू', म्हणजे सुख-सौभाग्य. ते उलटं दिसलं तर छपाईची चूक समजून परत करू नका. चिनीत 'उलटं' आणि 'आलं' या दोन्हींचा उच्चार 'दाओ', म्हणजे सौभाग्य घरात आलं! इतकी गोड शब्दखोडी जेवणाच्या टेबलावर असायलाच हवी. कापडावरचा मासाही तसाच: 'यू' म्हणजे मासा आणि शिल्लक, म्हणजे भरभराटही.

लाल रंगाला मात्र जपा. पहिल्या धुण्याआधी ओला पांढरा रुमाल आतल्या शिवणीवर दाबून पाहा. गुलाबी डाग उमटला तर कापड वेगळंच, गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. भरतकाम असेल तर जाड टॉवेलवर पालथं घालून इस्त्री करा, टाके चपटे होत नाहीत.