जुन्या बिल्डिंगच्या फोटोंचं काम करायचंय? आधी ऊन बघा

बरेच जण विचारतात की हेरिटेज बिल्डिंगच्या फोटोग्राफीत शिरायचं कसं आणि पैसे मिळतात का. मिळतात, पण इन्स्टावरच्या मूडी फोटोंना नाही, संवर्धनाचं काम करणाऱ्या आर्किटेक्टला सरळसोट, खरं तर रटाळ फोटो हवा असतो ज्यात तडा कुठून निघून कुठवर गेलाय ते दिसलं पाहिजे.

मुंबईत असाल तर ओव्हल मैदानावर जा, फुकटात शिकायला याहून भारी जागा नाही. पश्चिमेकडच्या आर्ट डेको (साधारण १९३०-४० च्या काळातली शैली) बिल्डिंगांवर सकाळी ऊन येतं आणि समोर हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर (१८७८ चा) यांच्यावर दुपारनंतर, या दोन्ही बाजू २०१८ ला एकत्रच युनेस्कोच्या यादीत गेल्यात. आता गंमत अशी की ऊन समोरून पडलं की भिंत सपाट दिसते, झिजलेली नक्षी वगैरे काही कळत नाही, पण तेच ऊन भिंतीला घासून तिरकं आलं की प्लॅस्टरला आलेला फुगासुद्धा सावली टाकतो. म्हणून राजाबाईची मैदानाकडची बाजू मी एक-दीडच्या सुमाराला काढतो, संध्याकाळचं सोनेरी ऊन कॅलेंडरवाल्यांना लखलाभ. उत्तरेच्या भिंतीला हिवाळ्यात ऊन लागतच नाही, तिथे एप्रिल-मेमध्ये भल्या सकाळी जायचं.

दगडाचा खरा रंग हवा असेल तर मात्र ढगाळ दिवस आणि पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग नंतर जुळवायला धरतात ते राखाडी कार्ड), नाहीतर राजाबाईचा तो कुर्ल्याचा पिवळसर दगड प्रत्येक फोटोत वेगळाच दिसतो.

कॅमेरा वर उचलला की बिल्डिंग मागे पडल्यासारखी येते, त्यामुळे लांब जा, कॅमेरा लेव्हलमध्ये आहे ना ते बघा, शिफ्ट लेन्स (कॅमेरा न उचलता बिल्डिंगचा वरचा भाग फ्रेममध्ये आणणारी) सुरुवातीला भाड्यानेच घ्या, विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. तड्याचा क्लोजअप काढताना शेजारी मोजपट्टी धरा, आणि त्याआधी तो भाग कुठल्या खिडकीखाली आहे ते दाखवणारा लांबचा फोटो हवाच. पांढरा खार दिसला तर आजूबाजूला सिमेंटची डागडुजी शोधा, चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट मारलं की ओल आत अडकते आणि खार बाजूच्या दगडातून फुटतो. ट्रायपॉड लावायच्या आधी परवानगी विचारा, वॉचमन येतोच.

पाऊस संपल्या संपल्या एक राऊंड मारा, तेव्हा भेगांमधली पिंपळाची रोपं अजून कुणी उपटलेली नसतात.