पुण्यात कामासाठी नवीन आलात? मुलांची शाळा अशी निवडा

चाकण, भोसरी, हिंजवडीच्या बाजूला खोली घेतली की आठवड्याभरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'इंग्लिश मीडियमलाच घाला.' दुसरा, 'दाखल्याशिवाय कुणी घेत नाही, आता पुढच्या जूनलाच बघा.' दोन्ही सोडून द्या.

आधी अंतर बघा. पाचवीपर्यंत एक आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी, असं सरकारी नियमच सांगतो. आई-वडील दोघं कामावर जाणार असतील तर मूल चालत जाऊ शकेल अशीच शाळा धरा. महापालिकेची, आणि हद्दीबाहेर असाल तर जिल्हा परिषदेची, शाळा सगळ्यात आधी बघून या. शिक्षण फुकट, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवणही मिळतं.

माध्यम बदलू नका. घर, गाव, सवंगडी सगळं एकदम सुटलेल्या चौथीतल्या पोराला गणितही नव्या भाषेत शिकायला लावणं मला अजिबात पटत नाही.

खासगी शाळेकडे वळणार असाल तर मात्र सावकाश चला, कारण नवीन माणूस फसतो तो इथंच. इमारत, बस, टाय, बूट बघून पैसे भरले जातात आणि मान्यतेचं कुणी विचारतच नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार गुन्हा आहे, एक लाखापर्यंत दंड आहे. तरीही दरवर्षी अनधिकृत शाळांच्या याद्या निघतात आणि त्यांत आपल्यासारख्यांचीच मुलं अडकलेली असतात.

शाळेत गेल्यावर पहिला प्रश्न फीचा नको, यू-डायस क्रमांकाचा, म्हणजे सरकारी नोंदीतल्या शाळेच्या क्रमांकाचा विचारा. तो ११ अंकी असतो आणि पुणे जिल्ह्यात २७२५ ने सुरू होतो. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा. मिळाला तर यू-डायसच्या संकेतस्थळावर टाकून शाळेचं नाव, पत्ता आणि कितवीपर्यंतचे वर्ग आहेत ते जुळवा. 'कितवीपर्यंत' हे विसरू नका. मान्यता चौथीपर्यंतची आणि वर्ग सातवीपर्यंतचे, असे प्रकार मी पाहिले आहेत. एका कुटुंबाला हे मुलगी सहावी पास झाल्यावर कळलं. दाखला मागितला तर तो भलत्याच शाळेच्या नावाचा, कारण मुलीचं नाव दोन वर्षं तिकडच्या पटावर होतं. तिच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून फी भरली होती. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सीबीएसईची संलग्नता असा होत नाही. संलग्नता क्रमांक मागा आणि मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळा. शंका राहिली तर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जाऊन तोंडावर विचारा. हे सगळं होईपर्यंत एक रुपयाही देऊ नका, पावती देतो म्हणाले तरी. देणगी मागणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नं बंद केलंय.

दाखल्याचं सोपं आहे. आठवीपर्यंत दाखला उशिरा आला किंवा जन्माचा पुरावा नसला, म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. वर्षाच्या मध्येही नाही. शाळा सुटलेली असली तरी पाचवीपर्यंत मूल वयाप्रमाणेच्या वर्गात बसतं; सहावी ते आठवीसाठी मात्र आता पाचवीची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नववीपासून शिक्षण हक्क कायद्याचं हे संरक्षण नाही, त्यामुळे मोठ्या मुलांचा दाखला गाव सोडतानाच घ्या.

खासगी शाळांत गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी याच कायद्यानं ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांचा अर्ज ऑनलाइन असतो. खोली भाड्याची असेल तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, साध्या कागदावरची चिठ्ठी चालत नाही. घरमालकाशी हे खोली घेतानाच बोला.

आणि काम संपून दुसरीकडे निघालात, तर सामान बांधण्याआधी शाळेत जा. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलेलं आहे, ते सांगून मागा.