मांजराचे दाणे कसे सोडवावेत

नव्या अन्नाच्या पाकिटामागे छापलेला, जुन्यावरून नव्यावर आणायचा तक्ता आधी बाजूला ठेवा. पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग अर्धं, मग पाऊण आणि आठव्या दिवशी सगळं नवं, हे गणित कुत्र्यांना जमतं. लहान पिल्लांनाही जमतं. दाण्यांवर, म्हणजे पाकिटातल्या कोरड्या ड्राय फूडवर, वाढलेल्या मोठ्या मांजराला ते जमलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. आमच्या फोंड्याच्या घरातली, बहिणीकडची आणि शेजारची मिळून नऊ मांजरं मी ड्राय फूडवरून फ्रीझ-ड्राइड, म्हणजे गोठवून पाणी काढून वाळवलेल्या, कच्च्या मांसावर आणली आहेत. सगळ्यांत लवकर वळलेल्या मनीला अठरा दिवस लागले. तांबूला साडेतीन महिने.

एवढा खटाटोप मी करते तो मुख्यतः पाण्यासाठी. दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं. उंदीर किंवा पाखरू खाल्लं तर त्यात सत्तर टक्के. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, शिकारीतूनच पाणी मिळवणारे. म्हणून त्याला तहान कमी लागते आणि वाटीतल्या पाण्याने ती तूट सहसा पुरती भरत नाही. लघवी घट्ट होते आणि बोक्यांचा मूत्रमार्ग तुंबण्याचा धोका वाढतो. हे पाणी ओल्या पाउचनेही मिळतं, त्यामुळे कच्चं मांस हाच एकमेव मार्ग असं मी कुणाला सांगत नाही. मला त्यात मांस जास्त आणि पीठ कमी असतं हे पटतं. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की फ्रीझरमधलं गोठवलेलं मांस वाया जातं, हे फळीवर टिकतं.

काही घरांत मात्र हे करू नये. फ्रीझ-ड्राय केल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे झोपतात. पाणी घातलं की पुन्हा जागे होतात. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल तर शिजवलेलं वेट फूड द्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. मांजराच्या कुळाला हा विषाणू किती जड जातो ते त्यावरून समजावं. म्हणून कोंबडी, बदक, टर्की असलेलं पाकीट उच्च दाबाची, म्हणजे दाबाने जंतू मारण्याची, प्रक्रिया केलेलं असेल तरच मी घेते. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्या मांजराचं जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

पाकिटावर ‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ अशा अर्थाचा उल्लेख आणि ॲफको (AAFCO) या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या निकषांचा हवाला शोधा. दुकानात मिळणारी बरीच पाकिटं खाऊ म्हणून द्यायची असतात, पोट भरायची नव्हेत. टॉरीन हे मांसातून मिळणारं पोषकद्रव्य कमी पडलं तर मांजराचं हृदय मोठं आणि दुबळं होतं, हे १९८७ मध्ये दाखवलं गेलं. तरीही निव्वळ वाळवलेल्या चिकनच्या तुकड्यांवर महिनोन्‌महिने मांजर ठेवणारी माणसं मला भेटतात. तसंच ‘गोव्यात राहतेस, मासळी घाल की’ हा सल्लाही नको. तारल्यांसारख्या काही कच्च्या माशांतल्या थायमिनेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. आणि नुसत्या मासळीवर वाढलेलं मांजर जून-जुलैच्या मासेमारीबंदीत काय खाणार?

दिवसभर भरलेली वाटी बंद करून दोन-तीन ठरलेल्या वेळा लावा. आठवडाभरात जमतं. वजनकाटा घ्या आणि सुरुवातीचं वजन लिहून ठेवा.

आता अवघड भाग. ओला तुकडा मांजराने पहिल्यांदा स्वतःहून तोंडात घेणं. बाकी सगळं यापुढे सोपं आहे.

‘भूक लागली की खाईल झक मारून’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मलाही सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं. तांबू तेव्हा सहा वर्षांचा, साडेसहा किलोचा, जन्मापासून दाण्यांवर. मी दाणे उचलून ठेवले आणि भिजवलेलं मांस समोर ठेवलं. त्याने हुंगलं, माती ओढल्यासारखी पंजाने फरशी खरवडली आणि निघून गेला. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पलंगाखालून बाहेर येईना. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर यकृताचे आकडे चढलेले. मांजर, विशेषतः जाडं मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती आवरत नाही आणि ते निकामी होऊ लागतं. पुढचे नऊ दिवस मी त्याला सिरिंजने भरवलं. तो वाचला. पण ते दिवस मी विसरलेले नाही आणि हा सल्ला देणाऱ्याशी मी अजूनही वाद घालते. मोठं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर जुने दाणे लगेच समोर ठेवा आणि तेही नाकारलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लाच्या बाबतीत एवढीही वाट पाहायची नाही.

त्याला हट्ट म्हणणं मला पटत नाही. मांजर पहिल्या काही महिन्यांत जे खातं त्याचा आकार, वास आणि कुरकुरीतपणा यांवरून ‘अन्न’ म्हणजे काय ते ठरवतं. तांबूच्या लेखी अन्न म्हणजे कुरकुरीत, कोरडं, छोटं. माझ्या हातातला मऊ, थंड, ओला लगदा त्याच्या दृष्टीने अन्नच नव्हतं.

म्हणून सुरुवात वासापासून करा. कोरडा तुकडा बोटांनी चुरा आणि चिमूटभर भुकटी नेहमीच्या दाण्यांवर भुरभुरा. दाणे टाकून निघून गेलं तर चिमूट अर्धी करा. आठ-दहा दिवस एवढंच. दाण्यांवर पाणी मात्र कधीच घालू नका. दाणे लिबलिबीत होतात, आपल्या हवेत तासाभरात आंबूस वास मारतात आणि मांजराचा जुन्या अन्नावरचाही विश्वास उडतो.

पुढची पायरी मला तांबूमुळे सापडली. आजारातून उठल्यावर तो महिनाभर पुन्हा दाण्यांवर होता. कोरडा फ्रीझ-ड्राइड तुकडा मात्र खाऊ म्हणून तो हातातून घ्यायचा, कारण तो कुरकुरीत लागतो. एकदा भांडी घासताना ओल्या हातानेच मी त्याला तुकडा दिला आणि त्याने तो चावून खाल्ला. कुरकुरीत आणि ओलं यांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या असतात हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी तुकड्यावर फक्त ओलं बोट फिरवू लागले. चार दिवसांनी एक थेंब, मग दोन, मग एक बाजू मऊ आणि एक कुरकुरीत. सहाव्या आठवड्यात त्याने पूर्ण भिजलेला तुकडा बशीतून उचलला. हातातून बशीवर येतानाही घाई करू नका. आधी बशीशेजारी बोटांवर, मग बशीच्या काठावर.

नवी बशी दाण्यांच्या वाटीपासून हातभर दूर ठेवा. वीस मिनिटांनी न बोलता उचला. मागे लागू नका, तोंडाला फासू नका, त्यात औषध लपवू नका. एकदा कडू लागलं की महिन्याभराची मेहनत जाते. हुंगून निघून जाणं ही प्रगतीच आहे, चाटणं तर मोठीच. फार अडलं तर मीठ, हळद, कांदा, लसूण काही न घालता उकडलेल्या बांगड्याचं चमचाभर पाणी वर घाला. सुकी सुंगटं घालू नका, त्यात मीठ असतं.

मांजर ओलं खाऊ लागलं की मगच दाणे कमी करायचे, आणि जेवढं ओलं खाल्लं तेवढ्या कॅलरींचेच. आधी कमी करायचे नाहीत. दर आठवड्याला वजन करा. आठवड्यात दोन टक्क्यांहून जास्त, म्हणजे पाच किलोच्या मांजराचं शंभर ग्रॅमहून जास्त वजन घटलं तर एक पायरी मागे या. शी दोन-तीन दिवस सैल होईल, तेव्हाही प्रमाण तिथेच थांबवा. रक्त दिसलं, किंवा उलट्या थांबत नसल्या तर डॉक्टर.

भिजवणं सोपं आहे, पण टाळू नका. कोरड्या फ्रीझ-ड्राइडमध्ये पाणी पाच टक्क्यांहूनही कमी असतं, म्हणजे तसंच खाऊ घातलं तर दाण्यांपेक्षा कोरडं. खाऊचे एक-दोन तुकडे चालतील, जेवण नाही. दहा ग्रॅमला वीस-पंचवीस मिलिलिटर कोमट पाणी घालून दहा मिनिटं ठेवते. हाताला किंचित गरम लागावं एवढंच. उकळतं पाणी घातलं की बाहेरून शिजतं आणि आतून कोरडं राहतं. थंड दिलं तर वास येत नाही आणि मांजर वळूनही पाहत नाही.

मोजमापही बदलतं. दाण्यांत ग्रॅमला साधारण साडेतीन ते चार कॅलरी, फ्रीझ-ड्राइडमध्ये बहुधा त्याहून बऱ्याच जास्त. चार किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला दोनशेच्या आसपास पुरतात. ग्रॅमला ग्रॅम बदललंत तर मांजर फुगेल, म्हणून पाकिटावरचा आकडा पाहून हिशेब करा.

भिजलेलं अन्न आमच्या हवेत अर्ध्या तासात उचलायचं, शिल्लक फेकायची. स्टीलची बशी पाणी भरलेल्या ताटात ठेवली की मुंग्या चढत नाहीत. ती बशी भाजी धुण्याच्या भांड्यांत मिसळू नका, हात साबणाने धुवा.

जून ते सप्टेंबर पाकीट उघडं राहिलं की तुकडे पापडासारखे सादळतात. लहान पाकिटं आणा, उघडलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि चमचा पूर्ण कोरडा असू द्या. फ्रिजमध्ये ठेवू नका. दर वेळी बाहेर काढलं की डब्याला घाम येतो. सादळलेले तुकडे मी परत वाळवत नाही, टाकते. महाग आहेत, तरी टाकते.

सगळं जमल्यावर शी-शूच्या मातीतली लघवीची गुठळी मोठी झालेली दिसेल आणि वाटीतलं पाणी कमी संपेल. घाबरू नका, पाणी आता जेवणातून जातंय. शी लहान आणि कमी वासाची होते.

दाणे मात्र घरातून पूर्ण हद्दपार करू नका. पावसात कुरियर अडकतं, चवथीला आम्ही आठवडाभर गावी जातो आणि मांजर शेजारणीच्या हवाली असतं. म्हणून तांबूला दर रविवारी सकाळी मूठभर जुने दाणे आणि बुधवारी एक पाउच मिळतो. तो आता अकरा वर्षांचा आहे, पाच किलो दोनशे ग्रॅम, आणि तिन्ही खातो.