दुपारी तुटणारं नेट: माझा अनुभव

आमचं घर भुसावळला. राऊटर खाली, माझा कॉम्प्युटर वरच्या खोलीत, मधली लॅन केबल गच्चीवरून नेलेली. एप्रिल लागला तसं दुपारी नेट जायला लागलं. दोन मिनिटं जायचं, परत यायचं. रात्री मात्र ठणठणीत.

आधी मी कंपनीला फोन करत बसलो. त्यापेक्षा आधी पिंग करून बघा, म्हणजे कमांड देऊन समोरचं यंत्र उत्तर देतं का ते तपासा. एका खिडकीत १९२.१६८.१.१, म्हणजे आमचा राऊटर, दुसरीत ८.८.८.८, म्हणजे बाहेरचं जग. दुपारी दोन्हीकडे एकदमच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे वेळेत उत्तर नाही, असं आलं. त्याच वेळी खाली आईच्या मोबाइलवर वायफाय नीट चालू. म्हणजे राऊटरचा दोष नाही, खोट मधल्या केबलमध्ये.

आणखी एक खूण होती. कॉम्प्युटरवर लिंकचा, म्हणजे केबलच्या जोडणीचा, वेग १ जीबीपीएसऐवजी (गिगाबिट) १०० एमबीपीएस दिसत होता. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात; म्हणजे एखादी जोडी गेली असणार.

गच्चीवर आईने बिबडे वाळत घातले होते. त्या खाटेच्या पायाशी केबल हातात घेतली, तर आवरण उन्हाने कडक होऊन तडकलेलं आणि आत तांब्याची तार हिरवट पडलेली. घरात वापरायची केबल खानदेशच्या उन्हात टिकत नाही हो!

बाहेर वापरायची काळ्या आवरणाची कॅट-६ प्रकारची लॅन केबल आणली, पीव्हीसी पाइपातून नेली, दोन्ही टोकांना नवे आरजे-४५ (लॅन केबलच्या टोकाचे प्लग) क्रिंप केले, म्हणजे दाबून बसवले. वेग लगेच १ जीबीपीएस दिसला. अख्खा मे गेला, नेट एकदाही तुटलं नाही.