मिडीव्हल टाइम्सला सहकुटुंब जाताना

न्यू जर्सीतील लिंडहर्स्ट येथील मिडीव्हल टाइम्सच्या किल्ल्यात, म्हणजे जेवता जेवता घोडेस्वार योद्ध्यांच्या मध्ययुगीन लढतींचा खेळ पाहण्याच्या ठिकाणी, मुलांना घेऊन जाणार असाल, तर तिकिटे काढतानाच शाकाहारी जेवणाची चौकशी करावी आणि जागेवर बसताच वाढणाऱ्यालाही तसे सांगावे, कारण नेहमीच्या ताटात भाजलेली कोंबडी, मक्याचे कणीस आणि बटाटा असतो. हाताने जेवण्याची तिथे रीतच आहे. आपल्याला त्याचे काय म्हणा! घोडे वाळूवर दौडत असल्याने ज्यांना घोड्यांची किंवा धुळीची ॲलर्जी आहे, त्यांनी मागची रांग मागावी. सोबतच्या कुटुंबांनी आरक्षण एकत्रच करावे, कारण आपण कोणत्या योद्ध्याच्या बाजूने ओरडायचे हे बसण्याच्या विभागाच्या रंगावरून ठरते आणि कागदी मुकुटही त्याच रंगाचा मिळतो, त्यामुळे भावंडे वेगळ्या विभागांत बसली की रुसवेफुगवे आलेच.