डॉक्सी घेताना या चुका टाळा

पावसाळा लागला की मुंबई-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत मेडिकलमध्ये डॉक्सीसायक्लिन म्हणजे डॉक्सी या जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकची विचारणा वाढते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा ताप) साथ आली, आणि तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्याला डॉक्सी द्यायची हे तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. औषध १९६७ पासून बाजारात आहे, स्वस्त आहे आणि लेप्टो किंवा स्क्रब टायफसवर (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा जिवाणूंचा ताप) आजही उत्तम चालतं. 'मला डॉक्सी सोसत नाही' म्हणणाऱ्यांना खोदून विचारलं, तर बहुतेक वेळा गोळी कशी घेतली यातच घोळ निघतो.

घोटभर पाणी आणि लगेच आडवं होणं

सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. जेवण आटोपलं, अंथरूण पडलं, मग गोळीची आठवण झाली. कॅप्सूल तोंडात टाकली, घोटभर पाणी प्यायलं आणि झोपलं. कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटते आणि तिथेच विरघळते. डॉक्सी चांगलीच आम्लधर्मी असल्याने आतलं अस्तर पोळतं, व्रण होतो. सकाळी छातीच्या मधोमध जळजळ सुरू होते, चहाचा घोटही गिळताना कळ येते. काहीजण हार्ट अटॅकच्या भीतीने धावतात. पन्नाशीच्या पुढच्याने तशी शंका आली तर धावायलाच हवं, त्यात लाज नाही.

पुढची गंमत अशी की ही जळजळ ॲसिडिटी समजून माणूस जेलुसिल किंवा डायजीनसारखं अँटासिड घेतो. त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डॉक्सीला पोटातच धरून ठेवतं, रक्तात औषध कमी पोचतं. म्हणजे छाती जळतेय ती जळतेयच, वर तापही हटत नाही.

डॉक्सी बसून किंवा उभ्याने, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्या आणि नंतर निदान अर्धा तास आडवे होऊ नका. रात्रीची गोळी निजताना घेण्याऐवजी संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेतली की प्रश्नच मिटतो. रिकाम्या पोटी मळमळणाऱ्यांनी भात-भाकरी खाऊन घेतली तरी चालते. गिळताना दुखू लागलंच, तर पुढची गोळी तशीच रेटू नका, डॉक्टरांना सांगा. ते औषध बदलतात आणि व्रण बहुधा काही दिवसांत भरून येतो.

रक्तवाढीची गोळी आणि कॅल्शियम

अँटासिडसारखंच लोह आणि कॅल्शियमही डॉक्सीला अडवतं. आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी रक्तवाढीची नाहीतर हाडांची गोळी घेत असतं, आणि सोय म्हणून सगळ्या गोळ्या एकदमच गिळल्या जातात. डॉक्सी आणि या गोळ्यांमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. लोहाचा अडथळा जास्त चिवट असतो, म्हणून कोर्स छोटा असेल तर तेवढे दिवस लोह थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिनइतकं दुधाचं पथ्य डॉक्सीला नाही, पण मुद्दाम दुधाबरोबर घेऊ नका.

प्रत्येक तापाला डॉक्सी

डेंगी, फ्लू हे विषाणूंचे आजार. दोडामार्ग-सावंतवाडीकडचा माकडतापही विषाणूचाच. यांवर डॉक्सीचा काडीचाही उपयोग नाही. घरात उरलेली अर्धी पट्टी सुरू करून दोन-तीन दिवस वाट बघण्यात डेंगीच्या रुग्णाचा मोलाचा वेळ जातो.

उलट टोकही आहे. स्क्रब टायफसचा ताप योग्य डोस मिळाला की साधारण ४८ तासांत उतरतो, आणि बरं वाटलं म्हणून लोक कोर्स सोडतात. ताप परत फिरू शकतो. ४८ तासांनीही ताप तसाच असेल तर निदान पुन्हा तपासायला हवं, गोळ्या दुप्पट करून काही होत नाही. लेप्टोत मात्र पहिल्या डोसनंतर काही तास थंडी वाजून ताप चढू शकतो. जिवाणू भराभर मरतात त्याची ही प्रतिक्रिया. आपणहून औषध बंद न करता डॉक्टरांना फोन करा.

पुराच्या पाण्यातून चालल्यानंतरचा प्रतिबंधक डोस हे वेगळं प्रकरण. एकदाच चाललात आणि अंगावर जखम नाही, तर प्रौढांना सहसा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस, तोही ७२ तासांच्या आत दिला जातो. पायाला जखम असेल किंवा रोजच पाण्यात काम असेल तर हिशोब बदलतो. तो डॉक्टरांनी करायचा, शेजाऱ्याने नव्हे.

ऊन

याकडे कोणाचंच लक्ष नसतं. डॉक्सी चालू असताना कातडी उन्हाला हळवी होते. लावणीला वाकलेल्या बाईची मान, दुचाकीवाल्याच्या हाताची पाठ आणि नाक नेहमीपेक्षा लवकर भाजतं. ढगाळ दिवसातही हे होतं. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, एवढं पुरे. मुरुमांसाठी महिनोन्महिने डॉक्सी घेणाऱ्या मुलामुलींना तर हे आवर्जून सांगायला हवं. मुरुमांवरचंच आयसोट्रेटिनॉइन हे औषध चालू असेल तर तेही त्वचारोगतज्ज्ञाला सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डॉक्सीवर असताना डोकं सतत ठणकू लागलं किंवा नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

मुलं आणि गरोदर बायका

आठ वर्षांखालच्या मुलांचे दात कायमचे पिवळट होतील या भीतीने डॉक्सी टाळली जाते, गरोदरपणातही सहसा देत नाहीत. मात्र स्क्रब टायफस जिवावर बेततो, आणि थोड्या दिवसांच्या कोर्सने दातांवर डाग पडल्याचा पुरावा डॉक्सीबाबत मिळालेला नाही. तेव्हा बालरोगतज्ज्ञाने लिहून दिली असेल तर घरच्या घरी ती रद्द करू नका.

डोस विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नकोत. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला किंवा पाण्यासारखे जुलाब थांबेनात, तर दवाखाना गाठा आणि पट्टी सोबत न्या. रक्त पातळ करायची वॉरफरिन चालू असेल तर तेही सांगा, कारण डॉक्सीने तिचा परिणाम वाढतो आणि रक्ततपासणी लवकर करावी लागते.